नेरळ की नेरूर? जुन्या जन्मनोंदीतला पत्ता वाचताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांची १९०९ सालची जन्मनोंद मालवण तालुक्यातल्या एका गावच्या नोंदवहीत सापडली. तिच्यात राहण्याच्या ठिकाणाच्या रकान्यात आपल्याला ‘रा॥ नेरळ क॥ नारं… सु॥ वाडी’ असे काहीतरी दिसले, आणि शेवटचा शब्द आपण सुतारवाडी असा लावलात. त्यावरून आपण कर्जतजवळच्या नेरळला दोनदा जाऊन आलात, पण तिथे घराण्याचा मागमूस लागला नाही, आणि नोंद मालवणात का झाली हेही उलगडले नाही. दुसरी नोंद थोरल्या आत्यांची, १९३१ची, मुंबईची आणि इंग्रजी हस्ताक्षरातली आहे. तिच्यात डिलाईल रोड हे नाव स्पष्ट आहे, पण पुढचा ‘१६१७’ हा आकडा चाळीचा की खोलीचा, ते कळत नाही. मूळ गाव कोणते आणि मुंबईतले घर कोणते, एवढे आपल्याला हवे आहे.

गावच्या जन्म-मृत्यूच्या वह्या, कोतवाल बुके आणि त्यांच्या नकला वाचण्याचे काम मी गेली पंचवीसएक वर्षे करत आहे. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो. आपली अडचण अक्षराची वाटते, पण ती अर्धीच अक्षराची आहे. पत्ता लिहिणारा माणूस कोण होता, तो कोणासाठी लिहीत होता आणि त्याला काय लिहिण्याची गरजच वाटली नाही, हे आधी ठरवावे लागते. ते ठरल्याशिवाय अक्षराकडे पाहिले, तर डोळा आपल्या ओळखीचे नाव शोधतो आणि त्याला ते सापडते. मुंबई-ठाण्याच्या माणसाला नेरळ हे स्थानक पाठ असते, त्यामुळे त्याला नेरळच दिसते.

नोंद मालवण तालुक्यात का झाली, याचे उत्तर त्याच ओळीत आहे. खबर देणाऱ्याच्या रकान्यात नावापुढे ‘मुलाचा आजा’ असे शब्द आहेत, आणि ते नाव आपण पाठवलेल्या वंशावळीतल्या पणजोबांच्या वडिलांचे नाही. म्हणजे तो आईचा बाप. बाळंतपणासाठी, त्यातही पहिल्या बाळंतपणासाठी, मुलगी माहेरी येते. मूल तिथे जन्मते आणि नोंद त्या गावच्या वहीत होते. कोकणातल्या जन्मनोंदी वाचताना हा मुद्दा विसरला की माणूस वर्षानुवर्षे चुकीच्या गावात पूर्वज शोधत राहतो. जन्माचे गाव, आईचे गाव, बापाचे राहण्याचे गाव आणि घराण्याचे मूळ गाव ही चार वेगवेगळी गावे असू शकतात, आणि वहीत मात्र त्यांच्यासाठी एक किंवा फार तर दोन रकाने असतात. कोणत्या रकान्यात कोणते गाव घालायचे, हे लिहिणाऱ्याच्या समजुतीवर राहायचे. काही वह्यांत बापाचे गाव आढळते, काहींत जन्म झालेले घर, तर काहींत फक्त ‘सदर’ एवढाच शब्द, म्हणजे वरच्या नोंदीप्रमाणेच. आपल्या नोंदीत गाव बाहेरचे आहे एवढे नक्की, कारण त्या पानावरच्या बाकीच्या बहुतेक ओळींत लिहिणाऱ्याने नुसती वाडी लिहिली आहे. आपल्या गावचा माणूस असला की गावाचे नाव कोण लिहितो? इथे त्याने ते सविस्तर लिहिले, याचा अर्थ बाप परगावचा.

आता हाताकडे, म्हणजे हस्ताक्षराकडे वळू. वही बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत आहे, पण लिहिणारा मोडीत मुरलेला आहे. शब्दांत अंतर नाही, रेघ आधी ओढून अक्षरे तिला खाली टांगली आहेत, आणि वेलांट्या-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नाही. मोडीत तो भेद नसल्यामुळे अशा हाताला तो बाळबोधीतही सुचत नाही. म्हणून अशा लेखनात ‘नेरुर’ आणि ‘नेरूर’ यांत फरक शोधू नये. आणि जिथे शब्द तुटलेला दिसतो, तिथे तो खरोखर तुटला आहे असेही धरू नये. पुष्कळदा दौतीत टाक बुडवायला हात उचलला, एवढाच त्या तुटीचा अर्थ असतो.

माझी पद्धत अशी की संशयाचे अक्षर त्याच हाताच्या निःसंशय शब्दांशी ताडून पाहायचे. दुसऱ्या कोणाच्या हाताशी नाही, छापील अक्षराशी तर मुळीच नाही. आपल्या पानावर दोन शब्द यासाठी फार उपयोगी पडले. चार ओळी खाली ‘कुडाळ’ हा शब्द स्वच्छ आहे. तिथला ‘ळ’ रेघेपासून दांडीने सुटलेला असून त्याचे दोन्ही गोल पूर्ण बंद आहेत. आपण ज्याला ‘ळ’ म्हणता, तिथे डावा गोल खालून उघडा आहे आणि त्याची शेपटी मागच्या ‘र’पर्यंत जाते. म्हणजे तो गोल नव्हे, तो ‘रू’चा उकार आहे, आणि त्याला पुढचा ‘र’ चिकटला आहे. वाचन ‘नेरूर’ होते. दुसरा शब्द ‘मसुरे’. त्यात ‘सु’चा उकार अक्षराच्या खाली ठसठशीत आहे. आपल्या ‘सु॥’च्या खाली काहीच नाही, जो ठिपका आपण उकार धरला, तो रेघेच्या वर आहे. तो अनुस्वार आहे. म्हणून ‘सु॥ वाडी’ नव्हे, ‘सं॥ वाडी’.

इथे सुतारवाडी गळून पडते, आणि माझ्या मते साऱ्या पत्त्याची किल्ली याच शब्दात आहे. ‘सं॥’ म्हणजे संस्थान. सावंतवाडीला त्या मुलखातला माणूस आजही नुसते ‘वाडी’ म्हणतो, आणि तेव्हाही म्हणत असे. मालवण तालुका इंग्रजी अमलाखालच्या रत्नागिरी जिल्ह्यात होता, तर शेजारचे कुडाळ सावंतवाडी संस्थानात. मालवणच्या बाजूने लिहिणाऱ्याला हद्दीपलीकडच्या माणसाच्या गावापुढे तालुका आणि जिल्हा लिहिता येईना, म्हणून त्याने संस्थान लिहिले. पत्त्यात ‘ता॥’ आणि ‘जि॥’ नाहीत, याचे आपल्याला नवल वाटले होते. त्याचे कारण हे.

राहिला मधला भाग, ‘क॥ नारं…’. ‘क॥’ म्हटले की बहुतेक जण ‘कसबे’ वाचतात, आणि पुष्कळदा ते बरोबरही असते. पण कसबे किंवा मौजे हा शब्द गावाच्या नावाआधी येतो: कसबे संगमेश्वर, मौजे अमुक. नावानंतर जे येते ते गाव कोणत्या मोठ्या विभागात मोडते ते सांगते: तर्फ, कर्यात, परगणे, पेटा. इथे ‘क॥’ नेरूरच्या नंतर आहे, म्हणून ते कर्यात. कुडाळ तालुक्यात आजही दोन नेरूर आहेत. एक नेरूर तर्फ हवेली, आणि दुसरे नेरूर कर्यात नारूर, रांगणा किल्ल्याच्या पायथ्याच्या नारूरच्या बाजूचे. लिहिणाऱ्याला नुसते ‘नेरूर’ लिहून भागले नसते, कारण ऐकणाऱ्याने लगेच ‘कोणते?’ असे विचारले असते. ‘नारं’वरचा ठिपका शाईचा आहे असे मला वाटते, आणि पुढे डागाखाली ‘र’ची पाठ दिसते. तेव्हा सगळी ओळ मी अशी वाचतो: ‘रा॥ नेरूर क॥ नारूर सं॥ वाडी’, म्हणजे राहणार नेरूर कर्यात नारूर, संस्थान सावंतवाडी.

यात कशाची किती खात्री, तेही वेगळे सांगायला हवे. ‘नेरूर’ आणि ‘संस्थान वाडी’ यांबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही, कारण तिथे त्याच हाताचा पुरावा आहे. ‘नारूर’ मी डागाखालून वाचतो आहे. तिथे मला गावांच्या यादीचा आधार घ्यावा लागला, आणि यादीच्या आधाराने वाचलेले अक्षर निव्वळ डोळ्यांनी वाचलेल्या अक्षराइतके पक्के नसते. मूळ वही समोर आली तर तो प्रश्नही सुटेल.

संक्षेपांबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण पुढच्या नोंदी आपण स्वतःच वाचणार आहात. त्या दोन उभ्या रेघा म्हणजे ‘इथे शब्द आखडला आहे’ एवढीच खूण. कोणता शब्द, हे जागेवरून ठरते. ‘रा॥’ एकदा आला तर राहणार. नावाआधी जोडीने आला तर राजमान्य राजेश्री, आणि त्याचा पत्त्याशी संबंध नाही. ‘ह॥ मु॥’ म्हणजे हल्ली मुक्काम, आणि हा शब्द दिसला की समजावे, याच्या आसपास दुसरे, मूळ गावही लिहिलेले असणार. ‘बु॥’ आणि ‘खु॥’ म्हणजे बुद्रुक आणि खुर्द, आणि हे एक अक्षर गाळले तर आपण शेजारच्या गावात जातो. ‘ता॥’ हा सर्वांत फसवा. तो तालुकाही असतो आणि तारीखही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका कुटुंबाला ‘ता॥’पुढचा शब्द तालुक्याचे नाव म्हणून वाचून दिला. तो तारखेचा आकडा होता, अक्षरी लिहिलेला. त्यांनी त्या वाचनावर विसंबून प्रवास केला आणि मला त्यांची माफी मागावी लागली. त्या दिवसापासून संक्षेपाचा अर्थ मी त्याच हाताच्या किमान तीन जागा पाहिल्याशिवाय सांगत नाही.

एकाच नावाची गावे हा कोकणातला नेहमीचा पेच आहे. शिरगाव देवगडात आहे, रत्नागिरीत आहे आणि चिपळुणातही आहे. आरवली एक संगमेश्वर तालुक्यात, दुसरी वेंगुर्ल्यात. चिपळूण तालुक्यात मुंढे तर्फ चिपळूण आणि मुंढे तर्फ सावर्डे अशी दोन. म्हणून गावाचे नाव लागले की काम संपले असे मानू नये. त्याच्या पुढचे-मागचे अर्धवट अक्षर हेच खरे मोलाचे असते, आणि नेमके तेच आपण ‘काहीतरी आहे’ म्हणून सोडून देतो. याउलट, नुसत्या वाडीवरून गाव शोधू नये. देऊळवाडी, गुरववाडी, तेलीवाडी, वरचीवाडी गावोगाव असतात, आणि महसुली गावांच्या यादीत त्या बहुधा येतही नाहीत.

ताडून पाहायला यादी कोणती घ्यावी, हे नोंदीच्या वर्षावर अवलंबून आहे. आजची यादी घेऊन १९०९चा पत्ता शोधला तर हद्दी जुळत नाहीत. सावंतवाडी संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले आणि रत्नागिरी जिल्ह्यात आले. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. म्हणजे तेच नेरूर आधी संस्थानात, मग रत्नागिरीत, मग सिंधुदुर्गात. आपल्या आजोबांच्या कागदांत तिन्ही पत्ते निघाले तरी गाव एकच असू शकते. जुन्या विभागांसाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीवरचा दहावा खंड, १८८०चा, मी नेहमी हाताशी ठेवतो. गावांच्या नावांसाठी १९५१ आणि नंतरच्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका उपयोगी पडतात. त्यांत तर्फ आणि कर्यात बहुधा एका अक्षराने दाखवलेले असतात, तेवढे ध्यानात ठेवावे.

आता मुंबईची नोंद. इथे लिहिणारा वेगळा. त्याला गाव ठाऊक नाही, माणूस ठाऊक नाही, तो ऐकून लिहितो, तेही इंग्रजीत. त्यामुळे इथे जागेच्या रचनेवर विसंबावे लागते. डिलाईल रोड, म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग, इथे मुंबई विकास खात्याने १९२०च्या दशकात चाळी बांधल्या. त्याच आपल्या बीडीडी चाळी. आपल्या नोंदीत रस्त्याच्या नावाआधी तीन सुटी मोठी अक्षरे आहेत. ती तुम्ही नावाची आद्याक्षरे समजलात, पण ती बी-डी-डी आहेत. दुसरी आणि तिसरी अक्षरे हुबेहूब सारखी आहेत, ते नीट पाहा. या चाळी तळमजला आणि वर तीन मजले अशा, मजल्याला वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ऐंशी. डिलाईल रोडच्या वसाहतीत चाळी बत्तीस होत्या. तेव्हा १६१७ हा आकडा चाळीचा असू शकत नाही आणि खोलीचाही असू शकत नाही. मधला ‘१’ बाकीच्यांपेक्षा तिरका आणि ओळीच्या खाली उतरलेला आहे. ती तिरकी रेघ आहे. पत्ता ‘१६/७’ असा आहे: चाळ सोळा, खोली सात. सातवी खोली म्हणजे बहुधा तळमजल्यावरची. पण खोल्यांचे क्रमांक मजल्यानुसार कसे लावत, हे तिथल्या जुन्या भाडेकरूला विचारून घ्यावे.

अशी आकड्यांची चाळणी मुंबईच्या पत्त्यांना फार उपयोगी पडते. वर्षाचीही चाळणी लावावी. १९१५च्या नोंदीत बीडीडी चाळ दिसू लागली, तर वाचन चुकले आहे असे समजावे. त्या आधीच्या काळात असे संक्षिप्त नाव दिसलेच, तर ते १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टच्या चाळींचे आहे का, ते पाहावे. बीआयटी चाळी त्या. खासगी चाळींचे मात्र अवघड आहे. चाळ मालकाच्या नावाने ओळखली जायची आणि मालक बदलला की नावही बदलायचे. तिथे रस्ता आणि विभाग एवढ्यावरच समाधान मानावे लागते. रस्त्यांची जुनी नावेही आठवावी लागतात. आर्थर रोड आता साने गुरुजी मार्ग आहे, आणि नातवंडांना जुने नाव परके वाटते.

एक गोष्ट आडनावाविषयी, कारण आपण विचारले होते की मूळ गाव नेरूर असेल तर आडनाव नेरूरकर का नाही. गावावरून पडलेले ‘कर’ हे बहुधा गाव सोडल्यावर, दुसऱ्या गावात, ओळख म्हणून पडते. नेरुरातच राहणाऱ्याला नेरुरात कोणी नेरूरकर म्हणून हाक मारणार नाही. तेव्हा आपले आडनाव वेगळे असणे या वाचनाच्या विरोधात जात नाही. उलट, ते घराणे १९०९ पर्यंत गावातच नांदत होते याच्याशी ते जुळते. पुरावा म्हणून मात्र हे धरू नका.

थोडक्यात, आजोबा आजोळी मालवण तालुक्यात जन्मले, त्यांचे वडील सावंतवाडी संस्थानातल्या नेरूर कर्यात नारूरचे राहणारे, आणि १९३१ साली कुटुंब डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत सोळा क्रमांकाच्या इमारतीत राहत होते, असे माझे वाचन आहे.

हे वाचन तपासायचे तर आता कर्जतला नव्हे, कुडाळला जावे लागेल. तलाठ्याकडे नेरूर कर्यात नारूरचे जुने सातबारे आणि फेरफार पाहा. मुंबईला गेलेल्या कुटुंबांची जमीन पिढ्यान्‌पिढ्या सामाईक राहिलेली असते आणि वारसनोंदींच्या फेरफारात पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव आणि भावांची नावे एकत्र मिळतात. ती आपल्या वंशावळीशी जुळली तर नोंदीच्या वाचनाला स्वतंत्र आधार मिळेल. गावात गेल्यावर देवळाच्या गुरवांना आणि मानकऱ्यांना घराण्याचे नाव अवश्य विचारा. गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या देवकार्याच्या रीतीत, कोणाचा मान कुठे, हे त्यांना कागदापेक्षा जास्त आठवते. तिथे नाव निघाले नाही, तर नेरूर तर्फ हवेलीतही हेच करा. डागाखालचे अक्षर मी चुकीचे वाचले असेल, तर उत्तर तिथे असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. हा कागद जातपडताळणीसारख्या कामी लागणार असेल, तर माझे वाचन चालणार नाही. अधिकृत वाचकाकडूनच लिप्यंतर करून घ्यावे लागेल. स्वतः शिकायचे असेल, तर राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे प्रशिक्षण वर्ग होतात, आणि त्या वर्गांतून उत्तम वाचक तयार झालेले मी पाहिले आहेत.

तहसीलच्या अभिलेख कक्षात पुन्हा गेलात तर एकट्या ओळीचे छायाचित्र काढू नका. ते पूर्ण पान, त्याच्या आधीची दोन आणि नंतरची दोन पाने, रकान्यांची छापील शीर्षके असलेला वरचा भाग आणि शिवणीकडची कड, हे सगळे येऊ द्या. फ्लॅश बंद ठेवा आणि उजेड एका बाजूने, खिडकीकडून तिरका पडेल असे पान धरा. टाकाने दाबून लिहिलेल्या अक्षराची खाच डागाखालीही राहते आणि तिरक्या उजेडात ती दिसते. ‘नारूर’च्या त्या डागावर दोन-तीन वेगवेगळ्या कोनांतून अशी छायाचित्रे मिळाली, तर मला पाठवा, मी ती पुन्हा वाचून देईन.